टीव्हीतला मुसलमान आणि नाटकातला मुसलमान – युरोप-अमेरिकेतल्या रंगभूमीबद्दल

ओसरी

अमेरिकन किंवा ब्रिटिश सिरीजमध्ये मुसलमान पात्र आलं की पाच मिनिटांत एकतर बॉम्ब येणार, नाहीतर जुलमी बाप येणार, नाहीतर बुरख्यातली गप्प बाई येणार, हे आता इतकं पाठ झालंय की आपल्याला खटकतही नाही. जॅक शाहीन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी हॉलिवूडचे ९०० च्या वर सिनेमे तपासले, २००१ मध्ये त्याचं पुस्तक आलं, आणि अरब माणसाचं बरं चित्रण असलेले सिनेमे त्यांना जेमतेम डझनभर सापडले. म्हणजे हे सगळं ११ सप्टेंबरनंतर सुरू झालं असं नाही, आधीपासूनच होतं. पुढे २०१७ मध्ये रिझ अहमद या ब्रिटिश अभिनेत्याने तिकडच्या संसदेत याच विषयावर भाषण केलं आणि त्यावरून दोघा ब्रिटिश मंडळींनी रिझ टेस्ट म्हणून एक कसोटी काढली. प्रश्न साधे आहेत. पात्र दहशतवादाशी जोडलंय का, विनाकारण संतापी आहे का, अंधश्रद्ध किंवा मागासलेलं आहे का, पाश्चात्य जीवनाला धोका म्हणून दाखवलंय का, पुरुष असेल तर बायकांशी वाईट वागतो का आणि बाई असेल तर पुरुषाने दडपलेली आहे का. एकालाही हो आलं की नापास. करून बघा, बऱ्याच मोठमोठ्या सिरीज पहिल्याच एपिसोडमध्ये पडतात.

गेली काही वर्षं मी तिकडची नाटकं मिळतील तशी वाचतेय, जमेल तेव्हा बघतेय, आणि माझं एक मत होत चाललंय ते इथे मांडते. नाटकात "चांगला मुसलमान" आणून ठेवला की साचा तुटतो असं मला वाटत नाही. बातम्यांच्या चॅनेलवरही एक चांगला, सुटाबुटातला, निषेध करणारा मुसलमान असतोच की. साचा तुटतो तो रंगमंचावर एकापेक्षा जास्त मुसलमान आले आणि ते एकमेकांशी भांडायला लागले की. एकटं पात्र असलं तर ते सगळ्या जमातीचा वकील होऊन बसतं, बिचाऱ्याला माणूस व्हायला वेळच मिळत नाही.

वजाहत अलीचं 'द डोमेस्टिक क्रुसेडर्स' घ्या. हा मुलगा कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात शिकत होता, ११ सप्टेंबर नुकतंच घडलेलं, आणि त्याचे शिक्षक इश्मेल रीड यांनी त्याला सांगितलं की तू तुझ्या घरच्या लोकांवर नाटक लिही. त्याने लिहिलं. पाकिस्तानी-अमेरिकन कुटुंब, तीन पिढ्या, फक्त सहा पात्रं, एक दिवस. धाकटा गफूर २१ वर्षांचा होतोय म्हणून सगळे घरी जमलेत आणि त्याला डॉक्टर व्हायचं सोडून इतिहासाचा मास्तर व्हायचंय. आई हताश, बापाचा संताप, मोठा भाऊ पैशाच्या मागे, बहीण चळवळीतली, आणि आजोबांच्या मनात फाळणीच्या काळातलं काहीतरी दाबून ठेवलेलं जे शेवटी बाहेर येतं. न्यूयॉर्कमध्ये हे नाटक ११ सप्टेंबर २००९ ला लागलं, तारीख मुद्दाम निवडलेली होती. ११ सप्टेंबरची सावली घरावर आहे पण वाद चाललाय तो मुलाने डॉक्टर व्हायचं की नाही यावर. आपल्यापैकी किती घरांत हा वाद झालाय सांगा!

तुम्ही कोणी असं काही पाहिलं असेल तर लिहा. मतभेद असेल तरी लिहा.

तिसरी_घंटा

छान धागा. पण मग 'डिस्ग्रेस्ड'चं काय करायचं? तुमच्या हिशोबाने ते नापासच. आणि तरी माझ्या मते या विषयावरचं सगळ्यात महत्त्वाचं नाटक तेच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अयाद अख्तरचं नाटक, २०१२ ला शिकागोत पहिल्यांदा झालं, मग त्याच वर्षी न्यूयॉर्क, २०१३ चं पुलित्झर हे मानाचं अमेरिकन पारितोषिक, २०१४ ला ब्रॉडवे, म्हणजे न्यूयॉर्कची मुख्य व्यावसायिक रंगभूमी. २०१५-१६ च्या सीझनमध्ये अमेरिकेत सगळ्यात जास्त थिएटर्सनी केलेलं नाटक हेच होतं. अमीर कपूर हा मॅनहॅटनमधला बडा कॉर्पोरेट वकील. मूळ नाव अब्दुल्ला, ते बदलून कपूर लावलंय. आईवडील पाकिस्तानचे, पण फर्मला सांगितलंय भारताचे. त्याचा ज्यू बॉस त्याला हिंदू समजून शंकराची मूर्ती भेट देतो, आणि ती तो ठेवून घेतो. बायको गोरी, चित्रकार, तिला इस्लामी कलेचं भारी कौतुक. त्याला स्वतःला मात्र इस्लामचा तिटकारा. मग पुतण्याच्या की भाच्याच्या, म्हणजे ज्याने स्वतःही हुसेन हे नाव बदलून एब केलंय त्या पोराच्या आग्रहाखातर तो एका इमामाच्या केसला कोर्टात जाऊन बसतो, पेपरात नाव येतं, आणि फर्ममध्ये वारं फिरतं. पुढे घरी जेवायला चौघं, हे दोघं, एक ज्यू क्युरेटर आणि त्याची कृष्णवर्णीय वकील बायको. दारू चढत जाते तसे एकेकाचे मुखवटे उतरत जातात आणि अमीर बोलून जातो की टॉवर पडले तेव्हा त्याला आत कुठेतरी अभिमान वाटला होता. नंतर बायकोचं प्रकरण कळल्यावर तो तिला मारतो.

म्हणजे बघा, संतापी आहे, बायकोला मारतो, ११ सप्टेंबरबद्दल असं बोलतो. तिन्ही साचे एकाच माणसात. यावर तिथल्या मुस्लिम नाट्यकर्मींनी भरपूर टीका केली की गोऱ्या प्रेक्षकाला जे आधीच वाटत होतं त्यावर तुम्ही शिक्का मारला आणि म्हणूनच बक्षीस मिळालं. ही टीका मला समजते. पण नाटक वाचताना मला दिसतं ते असं की या माणसाने अमेरिकेने मागितलं ते सगळं दिलं. नाव दिलं, धर्म दिला, आईवडिलांची जन्मभूमीसुद्धा दिली. आणि एका पेपरातल्या एका ओळीने सगळं परत काढून घेतलं गेलं. साचा कसा तयार होतो, माणूस त्यात कसा ढकलला जातो, हे दाखवणारं दुसरं इतकं धीट नाटक मला माहीत नाही. सभ्य, समजूतदार मुसलमान दाखवला असता तर प्रेक्षक टाळ्या वाजवून शांतपणे घरी गेले असते.

शिकागोची_हवा

तिसरी घंटा, मी हे नाटक पाहिलंय, आणि नाटकापेक्षा मला नाटकानंतरची चर्चा जास्त आठवते. माझ्या शेजारच्या बाई, वयस्कर, अतिशय सज्जन, त्या म्हणाल्या की आता मला कळलं हे लोक आतून कसे असतात. हे लोक! एका माणसावरून. तेव्हा ओसरी म्हणतायत ते मला शंभर टक्के पटतं, मंचावर दुसरा मुसलमान म्हणून तो पोरगाच काय तो आहे, तोसुद्धा शेवटी कट्टरतेकडे झुकलेला, मग त्या बाईंनी तुलना कोणाशी करायची?

आमच्या इथे सिल्क रोड रायझिंग म्हणून थिएटर आहे त्याबद्दल लिहिते कारण त्यांचं काम कमी लोकांना माहीत आहे. जमील खूरी आणि मलिक गिलानी या दोघांनी २००२ मध्ये सुरू केलं, एक अरब ख्रिश्चन घरातला आणि एक पाकिस्तानी मुसलमान घरातला, ११ सप्टेंबरनंतरचा द्वेष बघून. डाऊनटाऊनमध्ये मेथडिस्ट चर्चची उंच इमारत आहे तिच्या तळघरात त्यांचं थिएटर होतं. म्हणजे चर्चच्या पोटात बसून मुसलमानांची, अरबांची, आपल्याकडची नाटकं बघायची. खूरीने 'मॉस्क अलर्ट' लिहिलं, नेपरव्हिलमध्ये मशीद बांधायचा प्रस्ताव येतो आणि तीन कुटुंबांत वाद पेटतो असं. नेपरव्हिल म्हणजे इथलं उपनगर, आपली मराठी माणसंही ढिगाने राहतात तिथे, त्यामुळे नाटकातली ती पार्किंगची, ट्रॅफिकची, "आमचा धर्माला विरोध नाही हो, जागेला आहे" ही वाक्यं आम्ही प्रत्यक्ष मीटिंगांमध्ये ऐकलेली. त्याने लिहिता लिहिता मसुदे इंटरनेटवर टाकले, लोकांना मतं मागितली, विरोधकांनाही, आणि मग २०१६ ला नाटक उभं केलं. मशिदीला विरोध करणारा माणूससुद्धा त्यात राक्षस नाहीये. आणि मुसलमान घरातल्या माणसांचंही मशिदीबद्दल एकमत नाहीये!

अजून एक, रोहिना मलिकचं 'अनव्हेल्ड'. २००९ चं. एकटी बाई पाच बायका करते, पाकिस्तानी शिवणकाम करणारी, मोरोक्कन वकील, टेक्सासची कृष्णवर्णीय, लंडनची रॅपर, पॅलेस्टिनी हॉटेलवाली. प्रत्येक जण चहा पाजता पाजता बोलते. पाचही जणींच्या डोक्यावर हिजाब आणि पाचही इतक्या वेगळ्या की हिजाब थोड्या वेळाने दिसेनासा होतो. ओसरींचा मुद्दा एका नटीने सिद्ध केलाय म्हणा.

रोखठोक_नगरी

विषय चांगला आहे पण मला एक प्रश्न पडतो तो स्पष्टच विचारतो. नाटकाला जातं कोण? न्यूयॉर्क लंडनला तिकिटं केवढी महाग. जाणारे सुशिक्षित, वर्तमानपत्र वाचणारे, मुसलमानांबद्दल आधीच बरं मत असणारे. ज्याच्या डोक्यात विष भरलंय तो घरी टीव्ही बघतोय. दोनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये साचा मोडला तर टीव्हीच्या कोट्यवधी प्रेक्षकांना काय फरक पडतो? मला खरंच जाणून घ्यायचंय.

बर्लिनकर_२

नगरी, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला सगळ्यात चांगलं उत्तर बेल्जियममध्ये मिळालंय.

इस्माएल सैदी हा मोरोक्कन वंशाचा ब्रसेल्सचा माणूस, आधी पोलिसात होता, नंतर लेखक झाला. त्याने 'जिहाद' नावाचंच नाटक लिहिलं, डिसेंबर २०१४ मध्ये पहिले प्रयोग. ब्रसेल्समधली तीन पोरं सीरियात लढायला निघतात. एकाला एल्विस प्रेस्लीचं वेड होतं, एकाला चित्रं काढायची होती, एकाचं एका मुसलमान नसलेल्या मुलीवर प्रेम होतं. तिघांनाही कोणीतरी सांगितलेलं असतं की हे तुझ्या धर्मात बसत नाही, आणि बाहेर रस्त्यावर कळलेलं असतं की तू या देशातही बसत नाहीस. नाटक चक्क विनोदी आहे, लोक खदाखदा हसतात आणि मग हसू घशात अडकतं. थोडेच प्रयोग ठरले होते. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसला शार्ली एब्दो या व्यंग-साप्ताहिकावर हल्ला झाला आणि सगळं बदललं. बेल्जियमच्या शिक्षण खात्याने नाटक उचलून धरलं, शाळाच्या शाळा यायला लागल्या, पुढे फ्रान्समध्येही गेलं. हजारो हजार मुलांनी पाहिलंय ते, आणि प्रत्येक प्रयोगानंतर चर्चा असते, मुलं वाट्टेल ते विचारतात. त्यात मुसलमान वस्तीतली मुलं असतात आणि त्यांच्याशी कधी न बोललेली गोरी मुलंही असतात. ही तिकीट काढून आलेली मंडळी नाहीत, वर्गासकट आणलेली आहेत. बातम्यांत "सीरियाला गेलेले तरुण" असा एक फोटो आणि एक आकडा असायचा, इथे प्रत्येकाला आवडनिवड मिळाली.

आता आमच्या बर्लिनबद्दल, कारण मला वाटतं इथे सगळ्यात हुशारीने काम झालंय. क्रॉइझबर्ग हा तुर्की लोकांचा जुना भाग, तिथे बालहाऊस नाउनिनस्ट्रासे हे छोटं थिएटर शेरमिन लांगहोफ यांनी २००८ मध्ये हाती घेतलं. २०१० मध्ये नुरकान एरपुलात आणि येन्स हिलये यांचं 'फेर्युक्टेस ब्लूट' (म्हणजे वेडं रक्त) आलं. त्याच वर्षी थिलो सरात्सिन नावाच्या बड्या बँकरचं मुस्लिम स्थलांतरितांमुळे जर्मनी बुडतंय अशा आशयाचं पुस्तक प्रचंड खपत होतं हे लक्षात घ्या, टीव्हीवर रोज तोच विषय.

नाटक सुरू होतं तेव्हा नट साध्या कपड्यांत येतात, प्रेक्षकांसमोरच कपडे बदलतात, आणि मग एकेक जण "टपोरी तुर्की पोरगा" होऊन उभा राहतो, थुंकणं, फोनवर ओरडणं वगैरे सगळं. म्हणजे साचा अंगावर चढवताना तुम्हाला दाखवतात. मग एक शिक्षिका या वर्गाला शिलर हा जुना थोर जर्मन नाटककार शिकवायचा प्रयत्न करतेय, कोणी ऐकत नाहीये, आणि एका पोराच्या बॅगेतून पिस्तूल पडतं. ते बाईंच्या हातात येतं. आणि त्या पिस्तुलाच्या धाकावर मुलांना शिलर करायला लावतात! प्रेक्षक हसतो, त्याला मजा येते, आणि मग त्याला कळायला लागतं की आपण एका बाईने मुलांवर बंदूक रोखल्याची मजा घेतोय कारण ती बंदूक "सुसंस्कृत" करण्यासाठी आहे. मधेमधे सगळे जर्मन लोकगीतं गातात, इतकी सुंदर गातात की अंगावर काटा येतो. शेवटी हसन नावाच्या मुलाला नाटक थांबवायचंच नसतं, कारण थांबलं की तो परत फक्त तुर्की पोरगा होणार.

साचा मंचावर नाही, बघणाऱ्याच्या डोळ्यात आहे हे नाटकात सांगता येतं, कारण बघणारा तिथे बसलेला असतो. टीव्हीला हे कसं जमणार? पुढच्या वर्षी हे नाटक जर्मन भाषेतल्या सगळ्यात मानाच्या नाट्यमहोत्सवाला निवडलं गेलं आणि २०१३ पासून लांगहोफ बर्लिनच्या माक्सिम गोर्की या मोठ्या सरकारी थिएटरच्या प्रमुख झाल्या. म्हणजे दोनशे खुर्च्यांपासून सुरू झालेलं काम तिथेच थांबलं नाही, नगरी.

दापोलीची

वाचतेय सगळं. मी कोकणी मुसलमान, दापोलीकडची, माझी खाला आणि तिची मुलं इंग्लंडमध्ये स्थायिक आहेत, तिकडे काही वर्षं राहिलेही आहे. थोडं वेगळं लिहिते.

तिथे राहताना सगळ्यात दमवणारी गोष्ट द्वेष नव्हती, द्वेष करणारे फार कमी भेटले. दमवणारी गोष्ट म्हणजे उत्तर देणं. कुठेही काही घडलं की ऑफिसात चहाच्या वेळी कोणीतरी अगदी प्रेमाने विचारणार, तुम्हा लोकांना याबद्दल काय वाटतं. मला काय वाटणार? मला भीती वाटते, माझी मावसबहीण त्याच ट्रेनने जाते. पण हे म्हणायच्या आधी मला निषेध करावा लागतो. म्हणून ओसरीताईंचं ते एकट्या पात्राने सगळ्यांचा वकील होण्याबद्दलचं वाक्य वाचून मी थांबलेच.

अतिहा सेन गुप्ता नावाच्या मुलीने अगदी विशीत लिहिलेलं 'व्हॉट फातिमा डिड' हे नाटक २००९ मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेड थिएटरला झालं होतं. फातिमा शाळेतली १७ वर्षांची मुलगी, पार्टी करणारी, मजेत राहणारी. सुट्टीनंतर ती हिजाब घालून येते. बस एवढंच. मग तिचा गोरा बॉयफ्रेंड, तिचा जुळा भाऊ, मैत्रिणी, शिक्षिका सगळे भांडतात की तिने असं का केलं. आणि फातिमा मंचावर एकदाही येत नाही! तिच्याबद्दल सगळं ठरवलं जातं, तिला विचारत कोणी नाही. मला सांगा, पेपरातल्या हिजाबच्या बातम्या याहून वेगळ्या असतात का?

पण मला त्यातली सगळ्यात खरी वाटली ती आई. तिला हिजाब अजिबात मान्य नाही, ती चिडलीये, मी आयुष्यभर ज्याच्याशी झगडले ते तू डोक्यावर घेतेस या भावनेने. माझ्या खालाच्या घरी हेच झालं होतं. खालाने कधी डोक्यावरून पदर घेतला नाही आणि तिची मुलगी, इंग्लंडमध्ये जन्मलेली, कॉलेजात गेल्यावर हिजाब घालायला लागली. दोघी महिनोन्महिने बोलत नव्हत्या. टीव्हीवर नेहमी बाप मुलीला जबरदस्ती करताना दाखवतात. आमच्या घरात बापाला कोणी विचारलंच नाही.

टेम्सकाठ

दापोलीची, फार छान लिहिलंत. लंडनमधून थोडी भर घालतो. इथे दोन प्रकारचं काम झालंय. एक, कोर्टकचेरी आणि मुलाखतींमधले खरे शब्द जसेच्या तसे मंचावर. दुसरं, साधी रोजची माणसं.

पहिल्यातलं मोठं नाव म्हणजे किलबर्नचं तेव्हाचं ट्रायसिकल थिएटर (२०१८ पासून नाव किल्न). मे २००४ मध्ये त्यांनी ग्वांतानामो या अमेरिकन लष्करी तुरुंगावरचं नाटक केलं, व्हिक्टोरिया ब्रिटन आणि जिलियन स्लोवो यांनी कैद्यांची पत्रं आणि घरच्यांच्या, वकिलांच्या मुलाखतींतून रचलेलं. तेव्हा पेपरात नारिंगी कपड्यांतले, डोळे बांधलेले, गुडघ्यावर बसलेले लोक एवढंच दिसायचं. नाटकात बर्मिंगहॅमचे एक वृद्ध वडील येऊन आपल्या मुलाबद्दल बोलतात, तो लहानपणी कसा होता ते सांगतात. आरोप खरा का खोटा ते राहू दे, खटलाच चालवला नाही हे तुम्हाला त्या बापाच्या तोंडून कळतं. नंतर ते लंडनच्या वेस्ट एंडला, मोठ्या व्यावसायिक थिएटरांत गेलं आणि न्यूयॉर्कलाही झालं, तिथे खुद्द डेस्मंड टुटू यांनी एका न्यायाधीशाचं छोटं काम केलं होतं.

बातमीला थेट उत्तर म्हणाल तर 'ट्रोजन हॉर्स'. २०१४ मध्ये बर्मिंगहॅममधल्या शाळा मुसलमान कट्टरवादी ताब्यात घेतायत असं एक निनावी पत्र बाहेर आलं. पत्र बनावट असल्याचं बहुतेक सगळे मानतात, पण पेपरांनी महिनोन्महिने ते चालवलं, चौकश्या लागल्या, शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. २०१७ मध्ये शिक्षकांवरची मुख्य शिस्तभंगाची कारवाई कोसळली, पण ती बातमी किती छोटी आली! लंग नावाच्या तरुण नाट्यसंस्थेने त्या शिक्षकांना, मुलांना, पालकांना भेटून २०१८ ला एडिनबरोच्या महोत्सवात हे नाटक केलं आणि त्याला अ‍ॅम्नेस्टी या मानवाधिकार संस्थेचा पुरस्कार मिळाला. ज्या शाळेला कट्टरवादाचा अड्डा म्हटलं गेलं तिथे मुलांना आपल्या निकालाची केवढी काळजी होती हे मंचावर ऐकताना वाईट वाटतं.

आणि एक न झालेलं नाटक. 'होमग्रोन'. २०१५ च्या फेब्रुवारीत बेथनल ग्रीनच्या तीन शाळकरी मुली सीरियाला गेल्या. त्यावरून नॅशनल यूथ थिएटरने नादिया लतीफ आणि उमर अल-खैरी यांना नाटक करायला सांगितलं. ११२ तरुण कलाकार, प्रेक्षकांनी शाळेच्या इमारतीतून फिरत मुलांची बोलणी ऐकायची अशी रचना. आधी एक शाळा नाही म्हणाली, दुसरी मिळाली, तालमी झाल्या, आणि प्रयोगाला दहाएक दिवस राहिले असताना संस्थेनेच रद्द केलं. त्याच जुलैपासून इथल्या शाळांवर मुलांमधल्या कट्टरतेवर लक्ष ठेवायची कायदेशीर सक्ती आली होती, वातावरण असं होतं. त्या ११२ मुलांचा मला अजून राग येतो म्हणजे त्यांच्यासाठी राग येतो. ज्या पोरांबद्दल सगळा देश बोलत होता त्याच वयाच्या पोरांना बोलू दिलं नाही. नाटकाने काही फरक पडत नसता तर ते बंद करायची घाई कशाला झाली असती, नगरी?

साधी रोजची माणसं म्हणाल तर इशी दिनचं 'स्नूकर्ड', २०१२. हा लेखक मिडल्सब्रोला टॅक्सी चालवायचा. चार मुसलमान मित्र पूल खेळायला जमतात, मेलेल्या पाचव्याच्या आठवणीत. दारू, नोकरी, बायको, कर्ज, मत्सर. दहशतवादाचा विषयही नाही. उत्तर इंग्लंडमधला कुठलाही कामगार त्यात स्वतःला बघेल.

रोखठोक_नगरी

शाळांचा मुद्दा पटला, बेल्जियमचं मला माहीत नव्हतं. धन्यवाद. आता दुसरा प्रश्न. मुसलमान समाजात जे खरोखर चुकीचं आहे, बायकांवरची बंधनं म्हणा, कट्टरता म्हणा, त्यावर नाटकाने बोलायचं की नाही? का साचा मोडायच्या नादात गप्प बसायचं?

ओसरी

नगरी, बोलायलाच हवं आणि बोलतायतही. अयुब खान-दिनचं 'ईस्ट इज ईस्ट' १९९६ चं, सॅलफर्डमध्ये चिप्सचं दुकान चालवणारा पाकिस्तानी बाप आपल्या इंग्रज बायकोला मारतो, मुलांची लग्नं परस्पर ठरवतो. रिझ टेस्टमध्ये साफ नापास. पण घरात मुलांची फौज आहे, एक धार्मिक, एक बंडखोर, एक कोटाच्या टोपीत लपणारा, आणि बापसुद्धा आपली पकड सुटतेय म्हणून घाबरलेला. लेखकाने स्वतःच्या घरावरून लिहिलंय. घरातल्या माणसाने घराबद्दल बोलणं आणि चॅनेलवरच्या तज्ज्ञाने बोलणं यात फरक आहेच.

अख्तरचंच 'द हू अँड द व्हॉट' बघा, २०१४ चं, तिसरी घंटा तुम्हाला आवडेल. अटलांटात टॅक्सी कंपनी असलेला विधुर बाप, मोठी मुलगी पैगंबरांवर धाडसी कादंबरी लिहितेय. आणि बापाने तिला न सांगता तिच्या नावाने लग्नाच्या साइटवर प्रोफाइल टाकून स्वतः मुलं तपासायला सुरुवात केलीये! वाचताना मला तर पुण्यातले चार ओळखीचे बाप दिसले. तो प्रेमळ आहे, दडपणाराही आहे, आणि पुस्तक वाचल्यावर तुटून जातो. हे 'डिस्ग्रेस्ड'पेक्षा जास्त पुढे गेलेलं नाटक आहे असं माझं मत, कारण इथे वाद मुसलमान बाप आणि मुसलमान मुलीत आहे, गोऱ्या पाहुण्यांना पटवायची घाई कोणालाच नाही.

तिसरी_घंटा

हो, हे मान्य, पण पुलित्झर त्याला नाही मिळालं, 'डिस्ग्रेस्ड'ला मिळालं यातच बाकीचं आलं. तरी मी 'डिस्ग्रेस्ड' सोडणार नाही. :)

नटांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. न्यूयॉर्कच्या पहिल्या प्रयोगांत अमीर केला होता आसिफ मांडवीने. हा माणूस मुंबईत जन्मलेला, इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला वाढलेला, मग फ्लोरिडा. काम मिळतं ते टॅक्सीवाला, दुकानदार, अतिरेकी असंच, म्हणून त्याने १९९८ मध्ये स्वतःच 'सकीनाज रेस्टॉरंट' लिहिलं आणि एकट्याने सहा पात्रं केली. भारतातल्या गावातून न्यूयॉर्कच्या हॉटेलात कामाला आलेला पोरगा, मालक, मालकीण, त्यांची मुलगी, धाकटा मुलगा, मुलीचा नियोजित नवरा. न्यूयॉर्कच्या छोट्या थिएटरांसाठीचा ओबी पुरस्कार मिळाला त्याला. वीस वर्षांनी २०१८ मध्ये परत केलं.

आणि युसेफ अल गिंदी हा इजिप्शियन-अमेरिकन लेखक, सिअ‍ॅटलचा. त्याच्या 'जिहाद जोन्स अँड द कलाश्निकोव्ह बेब्स'मध्ये एका अरब नटाला मोठ्या सिनेमात अतिरेक्याचा रोल येतो आणि एजंटच्या ऑफिसात त्याची मनाची ओढाताण चालते, पैसा हवा, नाव हवं, पण हे करायचं का. प्रहसन आहे, पण प्रत्येक मुस्लिम नटाने कधी ना कधी त्या ऑफिसात बसून हा निर्णय घेतलेला असतो. साचा फक्त प्रेक्षकाला त्रास देत नाही, त्यावर कोणाचं तरी घरभाडं अवलंबून असतं. नाटकवाल्यांनी पर्यायी काम तयार केलं हे मला सगळ्यात मोठं वाटतं.

दापोलीची

आपल्या मराठी नाटकाबद्दल एकच वाक्य बोलते, धागा भरकटवायचा नाही. शफाअत खान हे मराठीतले इतके मोठे नाटककार, पण मराठी मंचावर मुसलमान घर, म्हणजे स्वयंपाकघरासकट, आतल्या भांडणांसकट, किती वेळा दिसलं? कोकणी मुसलमानाची मराठी तर मी मंचावर ऐकलेलीच नाही. आम्ही घरी जी बोली बोलतो ती तुम्ही ऐकलीत तर तुम्हाला शेजारचं घर वाटेल. कोणीतरी लिहायला हवं.

शिकागोची_हवा

दापोलीची, तुम्हीच लिहा! मनापासून सांगते. दोघी मायलेकी महिनोन्महिने बोलत नाहीत हा पहिला अंक तयारच आहे.

इथली आमची एक नाटकवेडी मंडळी महिन्याला एक नाटक मोठ्याने वाचतो. या धाग्यामुळे पुढचं 'डोमेस्टिक क्रुसेडर्स' ठरवलंय, घरातल्या घरात वाचन, तिकीट नाही. सहाच पात्रं असल्याने जमेल. आमच्या कॉलनीतल्या एक लाहोरच्या काकू आहेत त्यांनाही बोलावलंय, त्या आई वाचतील. आजोबा कोणी वाचायचे यावरून मात्र वाद सुरू आहे, फाळणीचा तो भाग आपल्या घरी फाळणी सोसलेल्या एका सिंधी काकांनी वाचावा असं मला वाटतं, त्यांना अजून विचारलं नाहीये.

ओसरी

विचारा त्यांना. आधी संहिता वाचायला द्या आणि मग विचारा, तो भाग त्यांना अचानक समोर यायला नको. आणि वाचन झालं की इथे लिहा, लाहोरच्या काकू काय म्हणाल्या ते नक्की लिहा.